जातो नाही, येतो

प्रिय चिऊ,

परवा रात्री झोपताना तू विचारलंस, "बाबा, 'जातो' म्हटलं की आजी रागवायची. मग तू सगळ्यांना फोनवर 'आई गेली, आई गेली' असं का सांगत होतास?" मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. तुला मराठी अक्षरं तिनंच गिरवायला लावली, त्यामुळे सावकाश वाचलंस तर सगळं वाचता येईल.

मराठीत नुसतं 'गेली' म्हटलं, कुठं ते सांगितलं नाही, की त्याचा अर्थ एकच होतो. म्हणून घराबाहेर पडताना तो शब्द तोंडातून काढायचा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेलं माणूस असो की परदेशी निघालेलं, उंबऱ्यावर 'येतो' म्हणायचं. घरातलं माणूसही नुसतं 'जा' म्हणत नाही, 'जाऊन ये' म्हणतं. आपण देवालासुद्धा असंच पाठवतो. गणपतीच्या उत्तरपूजेला अक्षता वाहताना 'पुनरागमनाय च' म्हणतात, म्हणजे पुन्हा येण्यासाठी. आणि विसर्जनाला निघालो की आपण ओरडतोच, 'पुढच्या वर्षी लवकर या!'

मागच्या खेपेला गावाहून निघालो, ती सकाळ आठवते ना? बाहेर गाडी उभी, मामा हॉर्न वाजवत होता, आणि मी घाईघाईत म्हणालो, "आई, जातो गं." तिनं दारातूनच हाक मारली, "आरं, जातो काय म्हंतोस? फिर माघारी." मला बाजेवर बसवलं, तांब्यातलं घोटभर पाणी प्यायला लावलं, तळहातावर पुन्हा दही ठेवलं. मी दही चाटून "येतो" म्हणेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. तिची बोटं खरखरीत होती, दह्याचा गारवा आणि तो खरखरीतपणा मला अजून हातावर जाणवतो.

हे नुसतं निघण्यापुरतं नव्हतं. तिच्या बोलण्यात संपणं, फुटणं, विझणं हे शब्दच नव्हते. तुझी काचेची बांगडी फुटली तेव्हा ती "वाढवली" म्हणाली, आणि तू तुकडे हातात धरून बघत बसलीस, कुठं वाढली म्हणून. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. देवापुढचा दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. घरात 'नाही' म्हटलं की वास्तू 'तथास्तु' म्हणते, असं ती मानायची. वास्तू म्हणजे आपलं घर. ते सगळं ऐकत असतं.

मला मोठेपणी कळलं की ही सवय तिनं कुठल्या दिवसांत सांभाळली. 1972 च्या दुष्काळात ती माण तालुक्यात नुकती सून म्हणून आली होती. शेतात काही पिकलं नाही. गावातली माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जायची, ती पण गेली. तिथं सुकडी नावाचं कोरडं, पौष्टिक खाणं मिळायचं. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनवर यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. आणि अशा वेळी सासूबाईंनी धान्याचं विचारलं, तर कणगीच्या तळाला हात लागत असताना ही म्हणायची, "आत्याबाई, कणगी भराय झालीया." रिकामी झाली असं ती एकदाही बोलली नाही, हे मला तुझ्या पणजीनं सांगितलं होतं. पणजी फार कुणाचं कौतुक करायची नाही.

आपल्याकडं मेलबर्नमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, गावाकडं पहाटेचे साडेचार, तेव्हा काकाचा फोन आला. पुढं दिवसभर मीच एकेकाला कळवत होतो. 'वारली' म्हणता आलं असतं, 'देवाघरी गेली' म्हणता आलं असतं. पण आईबद्दल माझ्या तोंडात 'गेली' एवढंच आलं. तिनं जो शब्द आम्हाला कधी उच्चारू दिला नाही, तो ह्याच दिवसासाठी बाजूला ठेवलेला असतो बघ.

त्याच्या आदल्या रविवारी तुम्ही दोघी व्हिडिओवर बोललात. फोन ठेवताना ती नेहमीसारखी "बरं, येते हं चिऊ" म्हणाली आणि तू हसलीस, "आजी, तू तर घरातच आहेस, कुठून येतेस?"

मी गावी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. तिला जिथं ठेवलं होतं तिथं दिवा तेवत होता. शेजारी ताटात पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. त्या पिठावर पाऊल उमटतं, माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून कळतं, असं आपल्याकडं मानतात. लहानपणी मी ह्यावरून तिच्याशी वाद घालायचो. सकाळी काकीनं टोपली उचलली, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी वाकून बघितलं.

तुझा,
बाबा