काइल हाइन्स आणि युरोपातलं बास्केटबॉल: तुमचे प्रश्न

अमेरिकेचा काइल हाइन्स २०२४मध्ये निवृत्त झाला. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा, एकही सामना न खेळता त्याने युरोलीग, म्हणजे युरोपातली क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, चार वेळा जिंकली. गेल्या वेळी त्याच्याबद्दल ओझरतं लिहिलं, तर बरेच प्रश्न आले. त्यातले काही इथे घेतो.

एनबीएत जागा मिळाली नाही म्हणून परदेशात जाणारे खेळाडू शेवटी दुय्यमच, नाही का? (एक वाचक, सांगली)

मला हे अजिबात मान्य नाही. आधी जागा किती आहेत ते बघा. एनबीएत ३० संघ. प्रत्येकाकडे १५ नियमित करार आणि अलीकडे ३ ‘टू-वे’ करार (एनबीए आणि तिच्या खालच्या लीगमध्ये ये-जा करणाऱ्यांसाठी). म्हणजे अख्ख्या जगातून जेमतेम ५४० खेळाडू. एकट्या अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. दर वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, नावं पुकारली जातात ती साधारण साठ, आणि त्यातही परदेशी मुलं असतात. उरलेल्यांनी काय करायचं?

हाइन्स न्यू जर्सीचा. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या विद्यापीठाकडून तो चार वर्षं खेळला. तिथे त्याने २,०००हून जास्त गुण, १,०००हून जास्त रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ३००हून जास्त ब्लॉक (हवेतच अडवलेले शॉट) नोंदवले. हे तिन्ही आकडे एकाच खेळाडूच्या नावावर असणं कॉलेजच्या इतिहासात फार दुर्मीळ आहे. पुढे एनबीएचा तारा झालेल्या स्टीफन करीचं डेव्हिडसन कॉलेज त्याच गटात, सदर्न कॉन्फरन्समध्ये, खेळायचं. पण २००८च्या ड्राफ्टमध्ये हाइन्सला कुणीच घेतलं नाही. त्याची जागा सेंटरची, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्याची, आणि उंची १९८ सेंमी. एनबीएत त्या जागेवर २१० सेंमीची माणसं असतात.

तो इटलीला गेला. रोमही नाही, मिलानही नाही, वेरोली नावाचं डोंगरावरचं छोटं शहर आणि दुसऱ्या श्रेणीची लीग. दोन हंगामांनंतर जर्मनीतलं बामबर्ग, मग ग्रीसचा ऑलिम्पियाकोस. तिथे २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन युरोलीग विजेतेपदं. पुढे सात हंगाम मॉस्कोच्या सीएसकेएकडे, त्यात २०१६ आणि २०१९ची विजेतेपदं. शेवटची चार वर्षं मिलानमध्ये. पायरी-पायरीने वर चढत गेलेली अशी कारकीर्द मला तरी ड्राफ्टच्या झगमगाटापेक्षा जास्त शिकवते. एनबीए जगातली सर्वोत्तम लीग आहे, त्यात वाद नाही. पण तिच्याबाहेरचं सगळं कमअस्सल, असं ज्याला वाटतं त्याने अथेन्स किंवा बेलग्रेडमधला एक सामना पूर्ण बघावा.

१९८ सेंमीचा सेंटर त्याच्याहून वीतभर उंच खेळाडूंना अडवतो कसा? आमच्या शाळेच्या संघात उंच मुलं नाहीत, म्हणून विचारतो. (एक क्रीडाशिक्षक, नागपूर)

सर, तुमच्या प्रश्नाला जरा जास्त वेळ देतो, कारण हाइन्सचं खरं मोठेपण इथेच आहे.

पिक अँड रोल ही चाल डोळ्यासमोर आणा. विरोधी गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा चपळ खेळाडू, चेंडू घेऊन रिंगपासून लांब उभा आहे. त्यांचा सेंटर पुढे येऊन त्याला अडवणाऱ्या आपल्या संघाच्या गार्डची वाट रोखतो, म्हणजेच स्क्रीन लावतो. अशा वेळी बहुतेक उंच सेंटर रिंगकडे मागे सरकतात, आणि चेंडूवाल्याला मोकळा शॉट मिळतो. हाइन्स मागे सरकत नसे. तो सरळ पुढे येऊन गार्डलाच अंगावर घ्यायचा. कंबर खाली, पावलं आखूड, छाती चेंडूसमोर, लांब हात पसरलेले. गार्डला वाटतं, समोर जड माणूस आला, याला चुटकीसरशी मागे टाकू. एकदा डावीकडे जातो, एकदा उजवीकडे, हाइन्स समोरच. तोवर २४ सेकंदांच्या घड्याळातले बरेचसे सेकंद उडालेले असतात आणि शेवटी समोर हाइन्सचे हात वर असताना, तोल गेलेला शॉट मारावा लागतो.

रिंगखालीही तेच. चेंडू हवेत असताना वर बघण्याआधी तो विरोधकाच्या मांडीला आपली कंबर टेकवायचा आणि जागा धरायचा. २१५ सेंमीच्या माणसालाही मागून, पाय न रोवता उडी मारावी लागली तर उंचीचा फारसा उपयोग होत नाही.

युरोपातल्या नियमांचीही थोडी मदत होते. एनबीएत बचाव करणारा खेळाडू कुणालाही न अडवता रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत तसं बंधन नाही. त्यामुळे आत कायम गर्दी, आणि संघ म्हणून बचाव करणाऱ्याला किंमत. हाइन्स तीनदा युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, २०१६, २०१८ आणि २०२२मध्ये. शेवटच्या वेळी तो ३५ वर्षांचा होता. तुमच्या मुलांकडून आठवड्यातले दोन दिवस चेंडू न देता फक्त पायांचा सराव करून घ्या. कुरकुर करतील, करू द्या.

करार कसे असतात? पैसे बुडतात असं ऐकलं आहे. (एक वाचक, ठाणे)

बुडतात, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. युरोपात पगाराचा आकडा बहुधा करवजा सांगतात, कर क्लब भरतो. घर, गाडी आणि हंगामाच्या सुरुवाती-शेवटाची विमान तिकिटंही सहसा करारातच असतात. कागदावर झकास. पण मधल्या फळीतल्या क्लबांची मदार एखाद्या प्रायोजकावर असते. तो हटला की पगार लांबतो, आणि तेवढ्यात खेळाडूचा गुडघा दुखावलेला असला तर त्याची अवस्था वाईट होते. देश बदलताना आधीच्या देशाच्या महासंघाकडून ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ही, म्हणजे परवानगीचं पत्रही, लागतं.

यावर उपाय म्हणून फिबाने २००७मध्ये लवाद सुरू केला. आज त्याला बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल म्हणतात, मुख्य ठिकाण जिनिव्हा. त्याचा निवाडा न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी येऊ शकते. मात्र या लवादाचं कलम करारात असायला हवं. बावीस वर्षांचा मुलगा अशी कलमं वाचत नाही, त्याच्या एजंटाने ती वाचलेली असली पाहिजेत. हाइन्ससारख्यांच्या यशाकडे बघताना एकाच हंगामानंतर हात हलवत घरी परतलेले अनेक जण मला आठवत राहतात.

मी म्युनिकमध्ये राहते, बायर्नचे बास्केटबॉल सामने बघते. इथे अमेरिकन खेळाडू इतके कसे? स्थानिकांचं काय? (एक वाचक, जर्मनी)

जर्मन लीगमध्ये सामन्यासाठीच्या बारा जणांत किमान सहा जर्मन लागतात, त्यामुळे परदेशी खेळाडूंना जास्तीत जास्त सहाच जागा असतात. इतर देशांत वेगवेगळी बंधनं आहेत. युरोलीगमध्ये राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण देशांतर्गत लीगमध्ये ती आडवी येते. म्हणूनच दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळाला की खेळाडूची किंमत वाढते. शेन लार्किन २०२०मध्ये तुर्कस्तानचा नागरिक झाला, त्यांच्या राष्ट्रीय संघातून खेळला आणि इस्तंबूलच्या अनादोलू एफेसला २०२१ आणि २०२२ची युरोलीग जिंकून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. राष्ट्रीय संघात मात्र असा नंतर नागरिक झालेला एकच खेळाडू चालतो.

मी दहावीत आहे, बास्केटबॉल खेळते. अमेरिकेतल्या मोठमोठ्या महिला खेळाडू रशियाला का जायच्या? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

पैशासाठी, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नाही. २०२२मध्ये डब्ल्यूएनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमध्ये, सर्वाधिक पगार वर्षाला सुमारे २ लाख २८ हजार डॉलर होता. रशियातले श्रीमंत क्लब त्याच्या कित्येक पट देत. अमेरिकेच्या डायना टोरासीला तिच्या रशियातल्या येकातेरिनबर्गच्या क्लबने २०१५चा अमेरिकेतला हंगाम न खेळता विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले, आणि तिने ती घेतली.

पण बारा महिने खेळण्याची किंमत शरीर मोजतं. ब्रियाना स्टुअर्ट २०१८ची डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू. पुढच्याच एप्रिलमध्ये महिलांच्या युरोलीगच्या अंतिम सामन्यात रशियन क्लबकडून खेळताना तिची टाचेची शीर तुटली आणि अमेरिकेतला आख्खा हंगाम गेला. रशियन क्लबकडूनच खेळणाऱ्या ब्रिटनी ग्राइनरला फेब्रुवारी २०२२मध्ये मॉस्को विमानतळावर ई-सिगारेटमध्ये वापरतात त्या भांगेच्या तेलाच्या कुप्यांवरून अटक झाली, नऊ वर्षांची शिक्षा झाली, आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. जगातली एक सर्वोत्तम खेळाडू हिवाळ्यात कमाईसाठी इतक्या लांब जाते, याचा दोष घरच्या लीगने तिला काय दिलं त्यात शोधायला हवा. आता चित्र बदलतंय. स्टुअर्ट आणि डब्ल्यूएनबीएचीच खेळाडू नफीसा कोलियर यांनी सुरू केलेली ‘अनरायव्हल्ड’ लीग जानेवारी २०२५पासून मायामीत हिवाळ्यातच खेळली जाते. तू खेळत राहा, आणि दुखणं लपवू नकोस.

हाइन्सचा एकच सामना बघायचा तर कोणता? (एक वाचक, पणजी)

इस्तंबूल, मे २०१२, युरोलीगचा अंतिम सामना, ऑलिम्पियाकोस विरुद्ध सीएसकेए. ऑलिम्पियाकोस १९ गुणांनी मागे होता. शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा सीएसकेए ६१-६०ने पुढे, आणि त्यांच्या शिशकाउस्कसने दोन्ही फ्री थ्रो चुकवले. ऑलिम्पियाकोसचा स्पॅनूलिस चेंडू घेऊन धावला, दोघे त्याच्यावर आले, त्याने सहकारी प्रिंटेझिसला पास दिला आणि ०.७ सेकंद उरले असताना बास्केट झालं. ६२-६१. हा शॉट सगळ्यांनी पाहिलेला असतो. तुम्ही तिसऱ्या क्वार्टरपासून पुढचा ऑलिम्पियाकोसचा बचाव बघा. सीएसकेएला एकेका गुणासाठी किती झगडावं लागलं, ते तिथे दिसेल.