पोस्टग्रेसमध्ये टेबलाच्या कॉलमची नावे आणि डेटा टाइप क्वेरीने कसे मिळवावेत?

पोस्टग्रेसमधील टेबलाच्या कॉलमची नावे व डेटा टाइप क्वेरीने कसे काढावेत आणि इन्फर्मेशन स्कीमावर (डेटाबेसमधील टेबले व कॉलमची माहिती देणाऱ्या तयार व्ह्यूंच्या संचावर) चालवलेली क्वेरी एकही ओळ का देत नाही, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या क्वेरीत 'कस्टमर्स' या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल आहे, म्हणून माझा पहिला संशय त्या अक्षरावरच आहे. टेबल तयार करताना नाव दुहेरी अवतरणचिन्हांत दिलेले नसेल, तर पोस्टग्रेस ते स्मॉल अक्षरांत बदलून नोंदवतो. रोजच्या सिलेक्टमध्ये तुम्ही लिहिलेले नावही तसेच बदलले जात असल्यामुळे हा फरक कधी जाणवत नाही. इन्फर्मेशन स्कीमाला विचारताना मात्र तेच नाव एकेरी अवतरणचिन्हांतली साधी स्ट्रिंग असते आणि तिची तुलना अक्षर न् अक्षर होते. (ओरॅकलमध्ये याच्या उलट, म्हणजे सगळे कॅपिटल होते, आणि तिथे इन्फर्मेशन स्कीमाही नाही.)

क्वेरी अशी लिहावी. इथे ती देवनागरीत देत आहे, चालवताना रोमन लिपीत टाइप करावी आणि टेबलाचे नाव स्मॉल अक्षरांत ठेवावे:

सिलेक्ट कॉलम_नेम, डेटा_टाइप फ्रॉम इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स व्हेअर टेबल_स्कीमा = 'पब्लिक' अँड टेबल_नेम = 'कस्टमर्स' ऑर्डर बाय ऑर्डिनल_पोझिशन;

टेबल_स्कीमाची अट अनावश्यक वाटते, म्हणून बरेच जण ती गाळतात. मीही एकदा गाळली होती. त्या डेटाबेसमध्ये चाचणीसाठी केलेल्या दुसऱ्या स्कीमात (म्हणजे टेबलांच्या वेगळ्या गटात) त्याच नावाचे टेबल होते, त्यामुळे प्रत्येक कॉलम दोनदा आला आणि त्या यादीवरून स्क्रिप्टने तयार केलेले इन्सर्ट अर्थातच चालले नाही. दोष क्वेरीत आहे हे लक्षात येईपर्यंत माझी अर्धी दुपार गेली.

अक्षरे बरोबर असूनही उत्तर रिकामे आले, तर परवानगी तपासावी, कारण तुमच्या युजरला ज्या कॉलमवर काहीच अधिकार नाही तो कॉलम इन्फर्मेशन_स्कीमा.कॉलम्स हा व्ह्यू दाखवतच नाही, आणि तसे सांगतही नाही. कस्टमर्स हा मटेरिअलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचे उत्तर साठवून ठेवणारा व्ह्यू) असेल, तरीही तो इथे कधीच सापडणार नाही.

डेटा_टाइपमध्ये मिळणारे उत्तरही अपुरे असते. न्यूमेरिक कॉलमपुढे नुसते 'न्यूमेरिक' येते आणि त्यातील अंकांची संख्या वेगळ्या रकान्यांतून गोळा करावी लागते. ॲरे असेल तर कशाचा ॲरे ते कळत नाही, आणि तुम्ही स्वतः केलेल्या इनमपुढे (ठरावीक मूल्यांच्या यादीचा टाइप) 'युजर-डिफाइन्ड' एवढेच दिसते. म्हणून काम पोस्टग्रेसपुरतेच असेल, तर मी सरळ पीजी_ॲट्रिब्यूट हे पोस्टग्रेसच्या कॅटलॉगमधले, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंतर्गत नोंदींमधले, कॉलमचे टेबल वापरतो:

सिलेक्ट ॲटनेम, फॉरमॅट_टाइप(ॲटटाइपआयडी, ॲटटाइपमॉड) फ्रॉम पीजी_ॲट्रिब्यूट व्हेअर ॲटरेलआयडी = 'पब्लिक.कस्टमर्स'::रेगक्लास अँड ॲटनम > 0 अँड नॉट ॲटइजड्रॉप्ड ऑर्डर बाय ॲटनम;

यात टाइप पूर्ण मिळतो, म्हणजे न्यूमेरिकपुढे कंसात 10,2 असेही येते, आणि मटेरिअलाइज्ड व्ह्यूही चालतो. टेबलाच्या नावावरून त्याचा अंतर्गत क्रमांक शोधणारा रेगक्लास त्या नावाची अक्षरे सिलेक्टप्रमाणेच स्मॉल करून घेतो, आणि टेबल नसेल तर रिकामे उत्तर न देता एरर देतो, हे मला त्याहून मोलाचे वाटते. शेवटच्या दोन अटी मात्र गाळू नयेत: शून्याहून लहान क्रमांक पोस्टग्रेसच्या अंतर्गत कॉलमचे असतात, आणि काढून टाकलेला कॉलम कॅटलॉगमधून जात नाही, तो ठिपक्यांमध्ये 'पीजी.ड्रॉप्ड.3' अशा नावाने तिथेच राहतो.