आईचे दोन्ही गुडघे बदललेत, एअरपोर्टच्या त्या काचेच्या स्कॅनरमध्ये उभं करू का?

हो, बिनधास्त करा. अमेरिकेला पहिल्यांदाच निघाल्यात म्हणून रेडिएशनची आणि कपड्यांखालचं दिसेल याची काळजी वाटतेय असं लिहिलंय तुम्ही. मी मायक्रोवेव्ह अँटेनांवर काम करतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ते मशीन एक्सरे नाही, रडार आहे. अँटेनांची रांग बसवलेले दोन उभे खांब माणसाभोवती फिरतात, २४ ते ३० गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात आणि अंगावर आपटून परत आलेल्या पकडतात, सगळं मिळून दीडेक सेकंद. या लहरी साधारण सेंटीमीटरभर लांबीच्या, सुती-रेशमी-नायलॉन सगळ्या कापडातून आरपार जातात पण कातडीत पाणी असतं ना, तिथून मागे फिरतात, आत शिरल्या तरी जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे गुडघ्यातला धातू या मशीनला दिसतच नाही! तो वाजतो चौकटीच्या मेटल डिटेक्टरमध्ये, त्यामुळे आईंना उलट हेच सोयीचं. आणि मायक्रोवेव्ह म्हटलं की ओव्हन आठवतो लोकांना, पण ओव्हन हजारेक वॅटचा, इथली पॉवर आपल्या मोबाइलपेक्षाही कितीतरी कमी.

भीती पसरली ती वेगळ्याच मशीनमुळे. २००९ च्या ख्रिसमसला ॲमस्टरडॅम-डेट्रॉइट विमानात एकजण अंडरवेअरमध्ये स्फोटकं लपवून चढला, मेटल डिटेक्टरला ती कळणार कशी, मग अमेरिकेत भराभर स्कॅनर बसले आणि त्यात बॅकस्कॅटर नावाचे खरोखरच एक्सरेवाले पण होते. पडद्यावर माणसाचा उघडा आकार दिसायचा, लोक चिडले ते अगदी बरोबर होतं. २०१३ मध्ये ते तिथल्या एअरपोर्टवरून काढले. आता सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी एकच बाहुलीसारखं चित्र दाखवतं आणि संशय असेल तिथे पिवळी चौकट.

खरा त्रास या चौकटीचा आहे. कापडाची जाड घडी, घाम, घट्ट अंबाडा, कशावरही येते. माझ्या आईला कमरेवर आली, निऱ्या खोचल्या होत्या नेमक्या तिथे, मग बाईच तपासायला आली, हाताने चाचपलं आणि सोडलं, पण आई बिचारी घाबरून गेली कारण मी आधी काही सांगितलंच नव्हतं. तुम्ही मात्र सांगून ठेवा. शक्यतो पंजाबी ड्रेस घाला म्हणावं, रुमाल, कागद काहीही अंगावर नको, आणि हात वर करून दोन-तीन सेकंद उभं राहणं जमत नसेल तर आत जायच्या आधीच तिथल्या माणसाला सांगायचं, ते दुसऱ्या पद्धतीने तपासतात.