सिबिल ८२३ होता, कर्ज फेडलं आणि ८११ झाला

माझ्याकडे कर्जाचा सल्ला घ्यायला येणारे बहुतेक लोक सिबिल (म्हणजे कर्ज-कार्डाच्या परतफेडीवरून मिळणारा स्कोअर) पडलाय, हप्ते थकलेत, वसुलीवाले फोन करतात असे प्रश्न घेऊन येतात. पण हल्ली एक वेगळाच प्रश्न वारंवार येतो, आणि तो विचारताना माणूस जरा लाजतो. "मॅडम माझा आठशेच्या वर आहे, पण ९०० कसा होईल?" घरचे त्यांना हसतात, बँकेतले पण म्हणतात अहो एवढा भारी स्कोअर आहे, अजून काय पाहिजे. मी हसत नाही, कारण समोरच्याची झोप खरोखर उडालेली असते, ते मी बघितलंय.

जुलै २०२५ मध्ये चिंचवडचे एक सर आले होते, सोबत त्यांची बायको. (ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून लिहितेय.) चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, वय पन्नासच्या आसपास. लॅपटॉप उघडला तर एक्सेलमध्ये सिबिलचा तक्ता, तारखेनुसार आणि वर ग्राफ काढलेला. २०१० साली घराचं कर्ज घेतलं वीस वर्षांचं, पोटाला चिमटा काढून पंधरा वर्षांत संपवलं, फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटची रक्कम भरली. त्या दिवशी स्कोअर ८२३. पुढच्या महिन्यात ८११. सरांचा आवाज भरून आला होता सांगताना, म्हणाले एक हप्ता चुकवला नाही पंधरा वर्षांत, सगळं कर्ज फेडलं आणि माझे मार्क कापले?

इथपर्यंत काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. कुठेतरी वाचलं की चालू कर्ज असावं लागतं, म्हणून गरज नसताना मोबाईल घेतला नो कॉस्ट ईएमआयवर, फायनान्स कंपनीकडून. मग लिमिट वाढावं म्हणून एकाच महिन्यात दोन नवीन क्रेडिट कार्डांना अर्ज केले, त्यातलं एक नाकारलं गेलं. जुलैत स्कोअर ७९७. आणि आता विचारत होते की सोनं ठेवून छोटं कर्ज घेऊ का म्हणजे मिक्स (वेगवेगळ्या प्रकारची कर्जं असणं) सुधारेल, आणि २०११ चं जुनं कार्ड वापरात नाही ते बंद करू का.

बायको एवढंच म्हणाली, "हे रात्री दोन-दोनला उठून मोबाईल बघतात हो."

मी आधी स्कोअरबद्दल काहीच बोलले नाही. विचारलं, सर ९०० चं काय करायचंय? नवीन कर्ज घ्यायचंय का? नाही म्हणाले. मुलीच्या शिक्षणासाठी कदाचित, चार वर्षांनी. मग बराच वेळ गप्प बसले, आणि मग सांगितलं की वडिलांनी गावाकडे सोसायटीचं कर्ज काढलं होतं, दोन वर्षं पीक गेलं, आणि थकबाकीदारांच्या यादीत नाव बोर्डावर लागलं होतं. सर तेव्हा सहावीत, शाळेत जायचा रस्ता त्या बोर्डावरूनच. मला सगळं तिथे कळलं. त्यांना ९०० म्हणजे त्या बोर्डाला उत्तर हवं होतं. त्यात कंपनीत रोज झिरो डिफेक्ट, म्हणजे शंभर पैकी शंभर नसेल तर कुठेतरी चूक आहे ही सवय अंगात भिनलेली.

मी त्यांना म्हणाले, बोर्डावरचं वडिलांचं नाव तुम्ही फेब्रुवारीतच पुसलंत, बँकेत शेवटची रक्कम भरली तेव्हा. हा आकडा त्याची पावती नाहीये. हा आकडा तुम्ही माणूस कसे आहात ते सांगत नाही, पुढे तुम्हाला उधार दिलं तर हप्ता चुकण्याची शक्यता किती याचा अंदाज सांगतो. मोठं कर्ज बंद झालं की रिपोर्टमधून एक चालू, नियमित खातं कमी होतं, आणि सरांकडे मागे फक्त कार्डं उरली, त्यामुळे थोडा हलला. दहा-पंधरा पॉइंट वर-खाली होणं हे चालायचंच, ती घसरण नसते. त्याच्यासाठी कर्ज ठेवून व्याज भरत बसणं मला अजिबात पटत नाही, आणि स्कोअरसाठी सोनं गहाण ठेवणं तर मी कुणालाच सांगणार नाही.

आता ९०० चं. सिबिल ३०० ते ९०० असतो, पण नेमकं गणित कंपनी उघड करत नाही, ठळक गोष्टी तेवढ्या सांगते, म्हणजे परतफेड, लिमिटपैकी वापर किती, कर्जाचा प्रकार आणि किती जुनं, आणि नवीन अर्ज. मी इतक्या वर्षांत ९०० वाला रिपोर्ट हातात धरलेला नाही. आणि बँकांचे व्याजदराचे तक्ते बघा, सगळ्यात वरचा टप्पा बऱ्याच ठिकाणी ७५० किंवा ८०० लाच सुरू होतो, त्याच्या वर ८११ काय आणि ८६० काय, दर तोच. पगार, वय, चालू हप्ते, घराची कागदपत्रं हे ते वेगळं बघतातच.

मग कामाचं बोललो. सरांचा एका कार्डावर खर्च महिन्याला सत्तर हजार आणि लिमिट एक लाख वीस हजार, बिल दर वेळी पूर्ण भरतात, पण बिल तयार झाल्यावर. बँक बहुतेक वेळा बिलातली बाकीच पुढे सिबिलला कळवते, म्हणजे रिपोर्टमध्ये निम्म्याहून जास्त लिमिट वापरलेलं दिसत होतं. बिल बनायच्या तीन-चार दिवस आधी बरीचशी रक्कम भरून टाका म्हटलं, एवढंच. जुनं कार्ड बंद करू नका, वार्षिक फी नाहीये त्याला, बंद केलं की एकूण लिमिट कमी आणि वापराची टक्केवारी उलट वाढते. सहा महिने कुठेही अर्ज नाही, कारण प्रत्येक अर्जाची हार्ड इन्क्वायरी (बँकेने तुमचा रिपोर्ट तपासल्याची नोंद) रिपोर्टमध्ये नोंदली जाते. स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने तो कमी होत नाही, पण रोज बघून मिळणार काय, तेव्हाच्या (१ जानेवारी २०२५ पासूनच्या) नियमाने बँका माहिती पंधरा दिवसांनी पाठवायच्या. शिवाय बायकोचा स्कोअर ८४१ दाखवणारं ॲप दुसऱ्याच ब्युरोचं, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं होतं, आपल्याकडे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार आहेत, त्यांचे आकडे एकमेकांशी लावायचे नसतात.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र नंतर निघालं. मी म्हटलं स्कोअर राहू दे, पूर्ण रिपोर्ट दाखवा. त्यांनी तो कधी उघडलाच नव्हता! एवढा ग्राफ काढणारा माणूस, पण रिपोर्ट नाही वाचला. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढला. घराचं कर्ज बंद, बरोबर. पण २०१९ चं स्कूटरचं कर्ज, कधीच फिटलेलं, ते चालू दिसत होतं आणि चारशे-काहीशे रुपये बाकी. त्याची एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) शोधून ब्युरोच्या साइटवर तक्रार टाकायला लावली, त्याला पैसे लागत नाहीत, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मग मी सहज विचारलं, घराचे मूळ कागद आणले ना बँकेतून?

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पाच महिने झाले होते. बँकेने बोलावलं नाही आणि सर ग्राफ बघत राहिले. १ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. मी तिथेच बसवून लेखी अर्ज लिहून घेतला, पोच घ्यायला सांगितली.

स्कूटरचं खातं तेवीस दिवसांत बंद दाखवलं. कागद आठ-दहा दिवसांत मिळाले, भरपाईचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. नोव्हेंबरमध्ये सरांचा फोन आला तेव्हा स्कोअर मीच विचारला, तर म्हणाले थांबा बघून सांगतो. ८०९ होता. पण फोन त्यासाठी नव्हता, व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता तो बघा म्हणत होते. करारनाम्याचं ते पान, रजिस्ट्रेशनच्या दिवशीचे दोघांचे छोटे फोटो आणि अंगठे. मागून बायकोचा आवाज येत होता, मॅडमना सांगा तेव्हा मी किती बारीक होते.