लातूरच्या डॉक्टरांनी वडिलांच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे. पोट उघडून केल्यास गाठ अधिक नीट निघते का?

नाही, शल्यचिकित्सक अनुभवी असेल, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दोन्ही पद्धतींचा परिणाम सारखाच राहतो. उत्तर अमेरिकेत ८७२ रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, तर पोट उघडलेल्या गटात १८ टक्के होते. रुग्णालयातील मुक्काम मात्र सहाऐवजी पाच दिवसांचा झाला. (कापलेले आतडे बाहेर काढण्यासाठी काही सेंटिमीटरचा छेद दुर्बिणीतही घ्यावाच लागतो, त्यामुळे ‘चिरफाड नाहीच’ ही आपल्याकडची समजूत खरी नव्हे.) तथापि, आतडे फुटलेले वा पूर्ण अडलेले असेल, किंवा जुन्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असतील, तर पोट उघडणेच बहुधा सुरक्षित असते, त्या चाचणीतही दुर्बिणीने सुरू केलेल्या साधारण पाचांपैकी एका शस्त्रक्रियेत ऐनवेळी तसे करावे लागले.