वाचक विचारतात : खासगी मालकीची जुनी वास्तू सावरताना

प्रश्न : फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातला विलांद्री हा प्रबोधनकाळातील महाल यंदा पाहिला. तो आजही एकाच कुटुंबाकडे आहे. एवढी वास्तू त्यांनी कशी राखली? आमच्या वाड्याला सिमेंटचा गिलावा केल्यापासून विटा भुसभुशीत होत आहेत.
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : राजा पहिला फ्रान्स्वा याचा अर्थमंत्री जाँ ल ब्रेताँ याने 1536 च्या सुमारास विलांद्री पूर्ण केला, तेव्हा त्याने जुनी गढी पाडली, पण तिचा मध्ययुगीन बुरूज मात्र ठेवला. अठराव्या शतकातील मालकाने दर्शनी भाग आणि अंतर्भाग आपल्या काळाच्या पसंतीप्रमाणे बदलले. 1906 साली स्पॅनिश डॉक्टर जोआकिम कार्व्हालो आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी अ‍ॅन कोलमन यांनी महाल विकत घेतला, तेव्हा कोणत्या काळाकडे परतायचे, हा पैशापेक्षाही अवघड प्रश्न त्यांच्यापुढे होता. बाहेरची प्रबोधनकालीन ठेवण त्यांनी परत आणली. आतली अठराव्या शतकातील लाकडी सजावट मात्र राहू दिली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण नंतरची प्रत्येक भर म्हणजे विद्रूपीकरण नव्हे. बागेबाबत सावध राहावे : मूळ आराखडा हाती नसल्याने ती जुन्या चित्रांच्या आधारे केलेली कल्पक पुनर्रचना आहे. पुढे कार्व्हालोंनी महाल लोकांसाठी खुला केला आणि 1924 मध्ये अशा वास्तूंच्या खासगी मालकांची संघटना उभारली. आज प्रवेशशुल्काचा मोठा आधार आहे.

आता आपला वाडा. विलांद्रीचा मऊ, सच्छिद्र चुनखडक आणि पुण्याच्या वाड्यांची चुन्यात बांधलेली वीट यांचा स्वभाव एकच आहे : दोन्ही ओल शोषतात आणि ती हवेत सोडतात. सिमेंटचा घट्ट थर ती वाट बंद करतो; ओल विटेत अडकते, क्षार आतच साठून स्फटिक बनतात आणि वीट आतून फुटत जाते. म्हणून गिलावा हळूहळू, हाताने उतरवावा, भिंती सुकू द्याव्यात आणि नीट मुरवलेल्या चुन्याचा गिलावा आधी एका कोपऱ्यात करून पाहावा. त्यापूर्वी, शक्यतो पावसाळ्याआधी, छप्पर आणि पन्हळी दुरुस्त करून घ्याव्यात, अन्यथा चुनाही टिकणार नाही. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असल्यास काम सुरू करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि सागवानी खांब-तुळयांची तपासणी जुन्या बांधकामाच्या जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्यावी.