लांडग्यांचा सहवास आणि व्यसनमुक्ती : वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियातील काही आश्रयस्थानांत व्यसनातून सावरणारी माणसे आणि युद्धाचा मानसिक आघात घेऊन परतलेले सैनिक लांडग्यांच्या सहवासात वेळ घालवतात. त्याविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ आहे : पूरक उपक्रमालाच उपचार समजले जाते.

प्रश्न : हे लांडगे जंगलातून पकडलेले असतात का?

उत्तर : नाही, बहुतेक प्राणी लांडगा-कुत्रा संकरातून जन्मलेले, हौसेने विकत घेऊन पुढे मालकांना न झेपलेले असतात.

प्रश्न : अपघातानंतर माझा भाऊ रात्री दचकून उठतो. त्याला याचा उपयोग होईल का?

उत्तर : थोडाफार होऊ शकेल. हा प्राणी सहसा लाडीगोडी करत नाही. माणूस अस्वस्थ असला तर दूरच राहतो, त्यामुळे माणसाला आपला आवाज आणि हालचाल आवरावी लागते. मात्र याविषयीचा शास्त्रीय पुरावा तुटपुंजा आहे, तर आघातकेंद्री मानसोपचारांचा भक्कम आहे. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

प्रश्न : माझे पती रोज भरपूर दारू पितात. एका फार्महाऊसवर दहा दिवसांचे ‘प्राणी-सहवास शिबिर’ आहे. तेथे पहिल्या दिवसापासून दारू आणि औषधे दोन्ही बंद करतात. पाठवू का?

उत्तर : मुळीच पाठवू नका. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण 48 ते 96 तासांत भ्रमाची अवस्था येऊ शकते. चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत बसलेला रुग्ण ज्याने पाहिला आहे, तो ‘इच्छाशक्ती असली की पुरे’ असे म्हणणार नाही. ही अवस्था जिवावर बेतते आणि वेळेवर दिलेली औषधे, थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) व देखरेख यांनी बहुधा टळते. तरीही ‘औषधमुक्त’ हा शब्द जाहिरातीत ठळक छापून त्याचेच पैसे घेतले जातात. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. प्राण्यांचा सहवास नंतरही मिळेल.

प्रश्न : आपल्याकडे लांडगा पाळता येईल का?

उत्तर : नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे.

प्रश्न : अशाच एका शिबिरात कुत्र्याचा दात लागून थोडे रक्त आले. आठवडा झाला, कुत्र्याला रेबीजची लस दिल्याचे संयोजक सांगतात. काळजीचे कारण आहे का?

उत्तर : आहे, आणि हा आठवडा वाया गेला आहे. जखम त्याच क्षणी साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवायची असते. संयोजकांच्या तोंडी हमीवर विसंबून राहू नका. उशीर झाला म्हणून लस टाळायची नसते, तेव्हा आजच सरकारी रुग्णालयात जा आणि लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज आहे का, हेही तेथे विचारा.